माशांआधी जिवाणू

समुद्री टँक भरला, मीठ विरघळलं, पाणी नितळ दिसू लागलं की मासे सोडायला हात शिवशिवतात. पण नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात आणि उरलेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. पीएच जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी भाग मोठा. त्यामुळे इथे थोडासा अमोनियाही महागात पडतो.

तो निस्तरतात जिवाणूंच्या दोन टोळ्या. एक अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. (२००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टँकमधून वेगळा केलेला अमोनिया खाणारा सूक्ष्मजीव तर जिवाणूही नव्हता, तो जिवाणूंहून वेगळ्या आर्किया गटातला निघाला.) ही मंडळी भलतीच संथ. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना अर्धा दिवस, कधी दिवसाहूनही जास्त लागतो. म्हणून एकदा मेली की पुन्हा जम बसायला काही आठवडे जातात.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, तर दगड, वाळू आणि फिल्टर मीडियावर (फिल्टरमधल्या स्पंजसारख्या भरणावर) बुळबुळीत थर करून राहतात. त्यामुळे पाणी बदलल्याने त्यांचं फारसं बिघडत नाही; पण मीडिया नळाखाली खळखळून धुतला, तर क्लोरीन त्यांचा फडशा पाडतं. धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.

लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेला समुद्री दगड) आणताना तो ओला हवा, हे सगळेच सांगतात. मात्र वाटेत त्यावरचे स्पंज आणि बारीक जीव मरतात, आणि दगडाला कुजका वास सुटतो. असा दगड थेट टँकमध्ये टाकू नये. वेगळ्या टबात खारं पाणी, हीटर आणि जोरदार प्रवाह देऊन अमोनिया शून्यावर येईपर्यंत ठेवावा.

वीज गेली की कॅनिस्टर फिल्टरमधला (म्हणजे बंद डब्यातल्या फिल्टरमधला) ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि आतले जिवाणू गुदमरतात. वीज बराच वेळ नसेल, तर फिल्टर पुन्हा सुरू करण्याआधी आतलं शिळं पाणी ओतून द्यावं.

बाजारात बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंबद्दल माझं मत बरं आहे, पण अटीवर. हे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत. बाटली उन्हात तापली किंवा फ्रीझरमध्ये गोठली, तर आत उरतो नुसता गढूळ द्रव. आधी टँकमधली क्षारता लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास आणि तापमान २५-२६ अंशांवर आणावं, मगच ती ओतावी. पहिले दोन-तीन दिवस जंतू मारणारा यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद ठेवावा.

मासे नसताना जिवाणूंना खायला घालणं आपलंच काम. लिटरला साधारण २ मिलिग्रॅम अमोनिया पुरतो. ५ च्या वर गेला तर तेच मंदावतात. एवढी मात्रा २४ तासांत संपून नायट्राइटही शून्य दाखवू लागला, की पहिले एक-दोन मासे सोडायला हरकत नाही.