विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता

मोबाइल फोन, त्याचे मनोरे, वाय-फाय किंवा विजेच्या तारा जवळ असल्या की डोकेदुखी, थकवा, निद्रानाश, त्वचेची आग असा त्रास होतो, असे काही लोक सांगतात. त्या अवस्थेला विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता हे नाव रूढ आहे. तक्रारींचा उगम साधारणपणे १९८०च्या सुमारास नॉर्वे व स्वीडनमध्ये संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या त्वचाविकारांत शोधला जातो. नावातच कारण गृहीत धरलेले असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये प्राग येथे भरवलेल्या परिषदेत, कारणाबद्दल निर्णय न देणारी लांबलचक पर्यायी संज्ञा पुढे आली. ती फारशी रुळली नाही.

खरा प्रश्न त्रास होतो की नाही हा नसून तो विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे होतो का, हा आहे. त्यासाठी दुहेरी अंध चाचणी वापरतात: लहरी चालू आहेत की बंद, हे त्रास होणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि नोंद घेणाऱ्यालाही नसते. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील २००६ च्या प्रयोगात ६० संवेदनशील व ६० इतर व्यक्तींच्या कानाशी प्रत्येक फेरीत ५० मिनिटे यंत्र ठेवले होते. खऱ्या जीएसएम (मोबाइल फोनच्या) लहरी चालू असताना संवेदनशील गटातील ६० टक्के लोकांना त्या जाणवल्या. यंत्रातून लहरी येतच नव्हत्या तेव्हा ६३ टक्क्यांना जाणवल्या. डोकेदुखी मात्र दोन्ही वेळा खरोखरच उठली होती. त्याच कॉलेजातील संशोधक जेम्स रुबिन व सहकाऱ्यांच्या २००५ च्या आढाव्यातील ३१ प्रयोगांपैकी २४ मध्ये कोणताही परिणाम आढळला नाही. उरलेल्या ७ पैकी दोहोंचे निष्कर्ष त्याच संशोधकांना पुन्हा मिळवता आले नाहीत, तिहींत संख्याशास्त्रीय दोष संभवतात व दोहोंचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. २०१० पर्यंत प्रयोग ४६ झाले, सहभागी सुमारे १,१७५. चित्र बदलले नाही.

प्रयोगशाळेतील अल्पकालीन चाचणीवरून वर्षानुवर्षांच्या सहवासाबद्दल सांगता येत नाही, हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु काही मिनिटांत त्रास सुरू होतो, असे सांगणाऱ्यांना तो लागू पडत नाही. अपायाच्या अपेक्षेनेच लक्षणे उद्भवण्याचे, म्हणजे नोसिबो परिणामाचे, स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. त्याने वेदना खोटी ठरत नाही. रुग्णाला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणे ही वैद्यकीय चूकच होय, कारण त्यामागे दुसरा उपचारयोग्य आजार असू शकतो. विचार व वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या आकलनवर्तन उपचारपद्धतीने काहींना आराम पडल्याचे दिसते.

भारतात मोबाइल मनोऱ्यांच्या उत्सर्जनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांशावर आणली आहे.