श्वानांचे प्रतिमानिदान (ग्रामीण विदर्भ)

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांच्या आधारे कुत्र्याच्या शरीरातला बिघाड बघून उपचार ठरवण्याची पद्धत. खेड्यात एक्स-रेला सर्रास ‘फोटो’ म्हणतात आणि ‘फोटो काढला की रोग कळतो’ अशी समजूतही असते. ती अर्धीच खरी आहे.

इथला कुत्रा बहुधा गावठी, रात्री धन्याबरोबर जागलीला शेतात जाणारा. रानडुकराच्या सुळ्याने फाटलेले पोट, मोटारसायकलची धडक आणि गोचिडांतून आलेला ताप ही त्याची नेहमीची दुखणी. धडकेनंतर कुत्रा कधी उठून उभा राहतो, भाकरीही खातो, पण धापा टाकत राहतो आणि कुशीवर निजायला तयार होत नाही. अशा वेळी छाती व पोट यांमधला पडदा फाटून आतडी छातीत सरकल्याची शंका घ्यावी लागते. साध्या एक्स-रेत ते दिसू शकते, मात्र एक फोटो बाजूने आणि एक वरून, असे दोन हवेत. हृदयाचा आकारही एक्स-रेवरच मणक्यांच्या मापाने मोजतात. १९९५ मध्ये रूढ झालेल्या या मापात हृदयाची लांबी आणि रुंदी मिळून साधारण ८.५ ते १०.५ मणके भरली, तर ते प्रमाणात समजतात.

खेड्याला खरा उपयोग सोनोग्राफीचा. यंत्र उचलून नेता येते, किरणोत्सर्ग नाही आणि बहुतेक वेळा भूलही लागत नाही. माजावर येऊन गेलेली कुत्री महिना-दोन महिन्यांनी सुस्त पडते, सारखे पाणी पिते, अन्न सोडते. घरच्यांना ती गाभण वाटते. पोटावरचे केस भादरून, जेल लावून प्रोब टेकवला, की पडद्यावर पिल्लांच्या धडधडणाऱ्या हृदयांऐवजी पाण्याने भरलेल्या नळ्यांसारखी काळी वेटोळी दिसतात. गर्भाशयात पू झालेला असतो. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर घाण बाहेर येते आणि शेपटीखालचा भाग चिकट दिसतो. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि धोका उलट वाढतो. सलाईन व प्रतिजैविके देऊन कुत्रीला सावरायचे आणि गर्भाशय अंडाशयांसह काढून टाकायचे, हा त्यावरचा खात्रीचा इलाज. नुसत्या गोळ्यांवर दिवस काढणे जिवावर बेतते.

गोचीडतापात सोनोग्राफी प्लीहा सुजल्याचे दाखवते, पण ती एर्लिकियाने सुजली की बबेसियाने (दोन्ही गोचिडांतून येणारे जंतू), हे सांगत नाही. त्यासाठी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो किंवा रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस देतात. गावठी कुत्र्यांत संभोगातून पसरणारी जननेंद्रियांची गाठ नेहमी आढळते. तिचे निदानही काचेवरच होते आणि आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनच्या काही इंजेक्शनांनी ती बहुधा विरघळते. तिच्यासाठी स्कॅनचा खर्च करायला लावणे हा ग्राहकावर अन्यायच.

यंत्राजवळ न्यायच्या आधी एक गोष्ट पाहायची. लाळ गाळणारा, जबडा लोंबलेला, अचानक चवताळलेला किंवा लुळा पडलेला कुत्रा दिसला, तर पहिला संशय रेबीजचा. तो कुठल्याही स्कॅनमध्ये ओळखता येत नाही, खात्री मेल्यानंतर मेंदूच्या तपासणीतच होते. अशा कुत्र्याला हाताळू नये. तो चावला असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून तडक माणसांच्या दवाखान्यात जावे.

सीटी आणि एमआरआय यांचे काम पुढचे. मणक्यांमधली चकती सरकून मागचे पाय गेले असतील, तर मज्जारज्जू कुठे दबला आहे हे एमआरआय उत्तम दाखवतो. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत हा त्रास जास्त. दोन्ही तपासण्यांत कुत्रा निपचित पडून राहावा लागतो, म्हणून सहसा पूर्ण भूल देतात. पायाच्या बोटांना जोरात चिमटा काढल्यावर दुखण्याची जाणीव उरली असेल तर शस्त्रक्रियेला चांगले यश येते. ती जाणीव गेली की दिवसागणिक आशा कमी होते.

विदर्भात वरच्या उपचारांसाठी लोक नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९५८) किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था गाठतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर. तिथे कोणते यंत्र चालू आहे हे फोनवर विचारूनच निघावे आणि जुने फोटो, रक्ताचे कागद सोबत न्यावेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा दुपारच्या गाडीत आजारी कुत्रा उष्माघातानेच जातो. पहाटे निघालेले बरे. भुलीसाठी तो रात्रीपासून उपाशी लागतो, ते पथ्यही त्यात सांभाळले जाते.