दुष्काळात पिकाला साथ देणारे जिवाणू: ही कल्पना आली कुठून?

पुदिना, बेसिल (तुळशीसारखं सुगंधी पानांचं पीक) अशा पिकांना पाण्याचा ताण सोसता यावा म्हणून मुळांना जिवाणू लावतात हे ऐकलं की नवीन शोध वाटतो, पण याची सुरुवात पाण्यापासून झालीच नाही, नत्रापासून झाली.

1886 मध्ये जर्मनीत हेलरीगेलनी दाखवलं की द्विदल पिकं मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र वापरू शकतात, मग दोनच वर्षांत बायरिंकनी त्या गाठीतला जिवाणू वेगळा काढला, आणि 1896 च्या सुमारास नोबे आणि हिल्टनर यांचं 'नायट्राजिन' हे जिवाणू खत बाजारात आलं सुद्धा. याच हिल्टनरनी 1904 मध्ये मुळांभोवतीच्या मातीला 'रायझोस्फिअर' हे नाव दिलं. मुळाला चिकटलेली ती थोडीशी माती म्हणजे एक वेगळीच वस्ती असते, हे त्यांनी इतक्या लवकर ओळखलं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं प्रश्न एकच होता, जिवाणू झाडाला खायला काय देतो? नत्र देतो का, स्फुरद मोकळं करतो का, वगैरे. 1978 मध्ये क्लोपर आणि श्रोथ या शास्त्रज्ञांनी मुळा या भाजीवर काम करताना वाढीला मदत करणाऱ्या अशा जिवाणूंना एक नाव दिलं, तेच पुढे पीजीपीआर (झाडाची वाढ वाढवणारे मुळांवरचे जिवाणू, याचं इंग्रजी लघुरूप) म्हणून रूढ झालं.

दुष्काळाचा धागा मात्र भलतीकडूनच आला, इथिलीनमधून. पाणी तुटलं की झाड इथिलीन वायू जास्त बनवतं, तो वाढला की मुळांची वाढ मंदावते, पानं पिवळी पडून गळतात. हा वायू झाडात एसीसी नावाच्या पदार्थापासून बनतो हे 1979 मध्ये कळलं, आणि गंमत म्हणजे एसीसी तोडणारं एन्झाइम जपानमध्ये एका जिवाणूत त्याच्या आदल्याच वर्षी सापडलं होतं! या दोन गोष्टी जोडून ग्लिक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडलं की मुळावरचा जिवाणू एसीसी खाऊन टाकतो आणि झाडातलं इथिलीन कमी होतं. म्हणजे जिवाणू इथे काही देत नाही, झाडाची घबराट कमी करतो.

2004 चा प्रयोग मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इस्रायलच्या अरावा या कोरड्या भागातला एक जिवाणू टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांना लावला, पाणी तोडल्यावर रोपं सुकली तशी सुकलीच, आतलं पाणी काही टिकलं नाही, पण पुन्हा पाणी दिल्यावर ती जोमाने सावरली. जिवाणू लावला म्हणजे पाणी कमी लागतं असं सरसकट सांगतात ना, त्यांनी हे नीट वाचायला हवं.

काही जिवाणू चिकट पदार्थ सोडून मुळाभोवतीची माती ओलसर ठेवतात, तो रस्ता वेगळा.

सुगंधी पिकांकडे लक्ष उशिरा गेलं. त्यांच्यात नुसता पाला मोजून भागत नाही, तेल बघावं लागतं. 2009 मध्ये जीबी03 नावाच्या बॅसिलस गटातल्या जिवाणूमुळे बेसिलमध्ये सुगंधी तेल वाढलेलं दिसलं, त्याच जिवाणूवर अर्जेंटिनात 2019 मध्ये पेपरमिंटला पाण्याचा ताण देऊन काम झालं आणि जिवाणू लावलेली झाडं जास्त वाढली. यातला खरा पेच असा की थोडा ताण बसला तर बऱ्याचदा पानातलं तेलाचं प्रमाण वाढतं पण पाला घटतो, म्हणून ताण हलका करणारा जिवाणू निवडताना हेक्टरी एकूण तेल किती निघालं हेच मोजावं लागतं.