खानदेश जिल्हा (ब्रिटिशकालीन)

खानदेश जिल्हा : ब्रिटिश अमदानीतील मुंबई इलाख्याचा एक जिल्हा (१८१८–१९०६). मुख्यालय धुळे. क्षेत्रफळ १०,०४१ चौ. मैल (सु. २६,००० चौ. किमी.). लोकसंख्या १४,२७,३८२ (१९०१). उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असा हा मुलूख. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे स्थूलमानाने त्यातूनच निघाले.

नाव जुने असले तरी जिल्हा आणि ऐतिहासिक खानदेश एकच नव्हेत. फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस थाळनेरहून राज्य उभे केले आणि पुढे बुऱ्हाणपूर राजधानी झाली. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून सुभ्याला ‘दानदेश’ म्हटले. ते नाव टिकले नाही. अठराव्या शतकात हा प्रदेश मराठ्यांकडे आला. इंग्रजी जिल्ह्यात मात्र बुऱ्हाणपूर आणि अशीरगड दोन्ही नव्हते. सुभ्याचे नाव जिल्ह्याला मिळाले, सुभ्याची राजधानी बाहेरच राहिली.

१८०३-०४ चा दुष्काळ, होळकर-शिंद्यांच्या फौजांची ये-जा आणि पेंढाऱ्यांची लूट यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांना दिला, पण ताबा सहज मिळाला नाही. फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावर चकमक झाली. जनरल हिस्लॉपने किल्ला घेतल्यावर किल्लेदाराला फाशी दिले आणि शिबंदी कापून काढली. या क्रौर्यावर खुद्द इंग्लंडमध्येही टीका झाली. मालेगावच्या अरब शिबंदीने उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे वेढा सोसला.

पहिला कारभारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. आधी कसबा म्हणावे एवढेच असलेल्या धुळ्याला त्याने जिल्ह्याचे ठाणे केले. डोंगरातल्या भिल्लांपुढे मात्र फौजा हतबल ठरल्या. १८२५ पासून जेम्स औट्रमने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारली. बंडखोर म्हणून ज्यांचा पाठलाग चालला होता, त्यांच्यातलेच जवान पहाऱ्यावर आले. तरी प्रश्न मिटला नाही. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात पुन्हा शस्त्र उचलले. त्याआधी १८५२ मध्ये सावदा-रावेर-चोपडा भागातल्या शेतकऱ्यांनी जमीन मोजणीलाच विरोध केला होता. नव्या मोजणीचा अर्थ वाढीव सारा, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

१८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण झाला तेव्हा मालेगाव, बागलाण आणि कळवण हे भाग खानदेशातून गेले. १८८० च्या गॅझेटियरमध्ये सोळा तालुके दिले आहेत. त्यांतली काही नावे आज वाचताना अडखळायला होते : विरदेल, नशिराबाद, सावदा, पिंपळनेर. पुढे तालुक्याचे ठाणे शिंदखेडे, जळगाव, रावेर-यावल आणि साक्री येथे गेले. नशिराबादचे जे झाले त्यामागे रेल्वे आणि कापूस आहेत. १८६० च्या दशकात लोहमार्ग भुसावळला पोचला, अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची पेठ वाढली.

लोकसंख्येचा आलेख यावरच चालतो. १८७२ च्या गणनेत सु. १० लाख ३० हजार, १८८१ मध्ये सु. १२ लाख ३७ हजार : मधल्या काळात दख्खन दुष्काळाने खचला असतानाही इथे जवळजवळ वीस टक्के वाढ झाली. नंतर छप्पन्याचा दुष्काळ (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) आला आणि १९०१ चा आकडा १८९१ च्या मागे पडला. कुणबी, लेवा पाटीदार, गुजर, माळी, महार, राजपूत हे तापीकाठच्या काळ्या जमिनीवर. भिल्ल, पावरा, गावित, तडवी बहुधा डोंगराच्या बाजूला. अहिराणी ही बहुतेकांची घरची बोली. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात ती ‘खानदेशी’ या नावाने भिल्ली भाषांच्या खंडात घातली.

१९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशात (जळगाव) ४,५४४ चौ. मैलांत ९,५७,७२८ माणसे, पश्चिम खानदेशात (धुळे) ५,४९७ चौ. मैलांत ४,६९,६५४, म्हणजे चौरस मैली सुमारे २११ विरुद्ध ८५. हे आकडे १९०१ चे, फाळणीपूर्वीचे आहेत. कागदावर एक असलेल्या या जिल्ह्यात मुळात दोन प्रदेश होते, कपाशीचा सपाट आणि जंगलाचा डोंगराळ, हे त्यांतून दिसते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर जिल्ह्यांची नावे जळगाव आणि धुळे अशी झाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला. त्याआधी कित्येक दशके पोस्टकार्डांवर गावापुढे ‘पू. खा.’ किंवा ‘प. खा.’ एवढेच लिहिले तरी पत्र पोचत असे.