ब्रायर पाइप : छंद आणि संग्रह

ब्रायर पाइप म्हणजे भूमध्य सागराभोवतीच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाच्या गाठीतून कोरलेला तंबाखूचा पाइप. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो युरोपात रूढ झाला. पाइप जमवणाऱ्यांच्या बहुतेक संग्रहांचा कणा आजही तोच आहे.

त्याआधी पांढऱ्या मातीचे पाइप सर्वत्र चालत. ते स्वस्त होते, पण हाताला चटका देत आणि पडले की फुटत. तुर्कस्तानातील एस्कीशेहिर भागात मिळणाऱ्या मीरशॉम या हलक्या, सच्छिद्र खनिजाचे पाइप देखणे असत. वापरता वापरता ते पांढऱ्याचे मधाळ पिवळे आणि पुढे तपकिरी होत. मात्र ते महाग आणि नाजूक. साधी लाकडे आतून जळून जात. ब्रायरची गाठ या सगळ्यांवर तोडगा ठरली. ही गाठ खोड आणि मुळे यांच्या सांध्यावर धरते आणि वणव्यात झुडूप जळाले तरी तिच्यातून नवे धुमारे फुटतात. तिचे लाकूड दाट, कठीण आणि धग सोसणारे असते.

खणून काढलेली गाठ ओली ठेवावी लागते, नाहीतर तडकते. ती कापून तुकडे कित्येक तास पाण्यात उकळतात, म्हणजे कडू रस निघून जातो. मग ते महिनोन्‌महिने सावलीत सुकवतात. इतके करूनही कोरताना आत खडा किंवा पोकळी निघू शकते, आणि निर्दोष तुकडा दुर्मीळ असतो तो यामुळेच. गाठीतील तंतू मध्यापासून बाहेरच्या बाजूला पसरतात. ते वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाच्या, अंगावर उभ्या समांतर रेषांत उतरले तर त्याला ‘स्ट्रेट ग्रेन’ म्हणतात. तेच तंतू आडवे कापले गेले की बारीक ठिपके दिसतात, ते ‘बर्ड्‌स आय’. चारही बाजूंनी अखंड स्ट्रेट ग्रेन असलेला पाइप संग्राहक मोठ्या किमतीला घेतात.

फ्रान्सच्या जुरा डोंगरातील सेंट-क्लोद हे गाव या धंद्याचे माहेर. तिथले कारागीर पूर्वी बॉक्सवूड या कठीण लाकडापासून जपमाळा आणि धार्मिक वस्तू कातत असत. तोच हात पुढे ब्रायरवर बसला. गावात आज पाइपचे संग्रहालय आहे. लंडनमध्ये आल्फ्रेड डनहिल यांनी 1907 मध्ये ड्यूक स्ट्रीटवर दुकान उघडले आणि नळीवरचा पांढरा ठिपका ही त्यांच्या पाइपची ओळख झाली. वाळूचा झोत मारून मऊ भाग झिजवायचा आणि कठीण कडा उठवायच्या, या पद्धतीने केलेला त्यांचा ‘शेल’ प्रकार 1917 चा. डब्लिनमध्ये चार्ल्स पीटरसन यांनी 1890 मध्ये धुरातली ओल खाली साठवणाऱ्या ‘सिस्टिम’ पाइपचे पेटंट घेतले.

या कलेला सर्वांत मोठे वळण मात्र डेन्मार्कने दिले. कोपनहेगनमध्ये पाइप दुरुस्त करणाऱ्या सिक्स्टन इव्हारसन यांनी ठरावीक साच्यातून बाहेर पडून लाकडाच्या रेषा जातील तसा आकार द्यायला सुरुवात केली. कारखान्यात पाइप बनवणाऱ्या स्टॅनवेल कंपनीसाठीही त्यांनी आकार रेखाटले, त्यामुळे ही दृष्टी साध्या खिशापर्यंत पोचली. जपानचे पाइप-कारागीर हिरोयुकी टोकुटोमी त्यांच्याकडे शिकले. हाताने घडवलेल्या पाइपला आज कलाकृतीचे मोल येते, त्याचे मोठे श्रेय इव्हारसन यांना द्यायला हवे.

दख्खनचा धूम्रपानाशी संबंध याहून जुना, पण वेगळ्या वाटेने आलेला. अकबराचा दूत असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून परतला तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी दरबारात नजर केली. आपल्याकडे पुढे रुळले ते हुक्का, गुडगुडी आणि चिलीम. हुक्क्याची बिदरी कामाची तळभांडी जमवणारे संग्राहक वेगळे. ब्रायरचा पाइप इथे आला तो इंग्रजी अमलात.

ओढणाऱ्यासाठी पाइप हा सावकाशीचा विषय. तंबाखू खाली सैल, वर किंचित घट्ट भरायचा, मंद ओढायचा आणि एकदा वापरलेला पाइप सुकण्यासाठी निदान एक दिवस बाजूला ठेवायचा. व्हर्जिनिया, बर्ली, धुरावर मुरवलेला लटाकिया आणि लुइझियानातील दाबाखाली आंबवलेला पेरिक हे मिश्रणांतले मुख्य तंबाखू. धूर छातीत घेतला नाही तरी हे व्यसन निरुपद्रवी नाही. निकोटीनची सवय जडते, आणि ओठ, तोंड, घसा व फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. कित्येक संग्राहक पाइप कधीच पेटवत नाहीत आणि त्यांच्या आनंदात काही उणे पडत नाही.

कारण संग्रहाचा खरा रस पाइप ‘वाचण्यात’ आहे. बिलियर्ड, बुलडॉग, डब्लिन, लांब नळीचा चर्चवॉर्डन हे आकार डोळ्याला लवकर बसतात. पाइपवर उमटवलेले निर्मात्याचे शिक्के वाचायला वर्षे लागतात. ‘इंग्लंड’ या शब्दापुढचा बारीक आकडा डनहिलचे साल सांगतो. ब्रिटिश पाइपवर चांदीचे कडे असेल तर तिच्या शुद्धतेच्या ठशांतील अक्षरावरून वर्ष काढता येते. आयर्लंडच्या पाइपवर देशाचे नाव कोणत्या रूपात आहे, यावरूनही काळ ठरवतात.

जुने, वापरलेले पाइप दुरुस्त करणे हा या छंदाचा सर्वांत समाधान देणारा भाग. वाटीतली काजळी खरवडून एक-दीड मिलिमीटरचा थर राखतात, कारण तो लाकडाला आगीपासून जपतो. मीठ किंवा कापूस भरून त्यावर अल्कोहोल ओतले आणि रात्रभर ठेवले की जुना वास उतरतो. व्हल्कनाइट या कडक रबराच्या नळ्या उजेडाने हिरवट-तपकिरी पडतात. त्या पाण्याखाली बारीक घासकागदाने घासून पुन्हा काळ्या करतात. वाटीला जोडलेल्या, शिक्का असलेल्या लाकडी दांड्यावर मात्र हा कागद चालवू नये. चकाकीच्या हव्यासाने शिक्का पुसला गेला की पाइपचे साल आणि कर्ता दोन्ही हरवतात, आणि ते कोणत्याही पॉलिशने परत येत नाहीत.