दंतविद्रधी

दंतविद्रधी : दाताच्या मुळाशी किंवा हिरडीत पू साठून होणारे गळू. किडलेल्या दाढेमुळे होणारा प्रकार नेहमीचा. त्यात दातातली मज्जा (दाताच्या आतला मऊ, जिवंत गाभा) मरते आणि मुळाच्या टोकापलीकडे, जबड्याच्या हाडात पू जमतो. ही मूलाग्र विद्रधी होय. हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल फटीत पू झाल्यास ती परिदंत विद्रधी. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीच्या पदराखालीही पू होतो. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराचे आहे.

प्राचीन उल्लेख व मतभेद : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा अध्याय असून त्यात दंतमूलाचे पंधरा आणि दातांचे आठ रोग सांगितले आहेत. या संहितेचा काळ इ.स.पू. काही शतकांपासून इ.स.च्या पहिल्या काही शतकांपर्यंत वेगवेगळा मानला जातो. आजचा पाठ अनेक हातांखालून गेलेला आहे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. त्यातील ‘कृमिदंतक’ काळा, छिद्र पडलेला, हलणारा, स्रवणारा, सुजलेला आणि कारण नसताना ठणकणारा असतो. यातले शेवटचे लक्षण विशेष लक्षणीय आहे. काही न खातापिता आपोआप उठणारा ठणका हीच मज्जा वाचणार नसल्याची खूण आजही मानतात. दंतविद्रधी हे नाव मात्र सुश्रुताच्या यादीत नाही, ते वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (बहुधा इ.स. सातव्या शतकाच्या आसपास) येते, आणि तेथे फुटल्यावर पू व रक्त स्रवणारी, आग होणारी सूज असे तिचे वर्णन आहे.

‘कृमी’ म्हणजे नेमके काय, यावर दोन मते आहेत. काही अभ्यासक त्यात सूक्ष्मजंतूंची पूर्वकल्पना पाहतात. तथापि दातात अळी असते ही समजूत मेसोपोटेमियातील मंत्रपाठांतही आढळते, त्यामुळे कृमीचा शब्दशः अर्थ घेणेच सयुक्तिक वाटते. युरोपात ही समजूत प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्यांनी १७२८ मध्ये नाकारली, तरी ती पुढेही टिकून राहिली. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ‘किडे पाडण्याचा’ उपाय प्रचारात होता. युरोपात अशीच धुरी खुरासानी ओव्याच्या बियांची देत. तेथे पडणारे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने बीतून बाहेर आलेले अंकुर होते.

दाताशी नाडीव्रण (पू वाहणारी नळीसारखी खोल जखम) झाला तर तो दात मुळासकट काढावा, नाहीतर पुवाची वाट जबड्याचे हाड भेदते, असे सुश्रुताने स्पष्ट सांगितले आहे. वरचा दात मात्र हलत असला तरी उपटू नये. रक्तस्राव होऊन डोळा जातो, तोंड वाकडे होते, अशी ताकीद आहे. वरची दाढ काढली की नजर कमी होते ही महाराष्ट्रात अजून ऐकू येणारी भीती याच परंपरेतून आली असावी. तसा सलग पुरावा मात्र दाखवता येत नाही. वरच्या दातांच्या संवेदना वाहणारी चेता आणि दृष्टिचेता या पूर्णपणे वेगळ्या आहेत. या भीतीपायी पू झालेली वरची दाढ महिनोन्‌महिने तशीच ठेवली जाते आणि नुकसान त्या दिरंगाईने होते.

कारणमीमांसा : विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यांनी १८९० मध्ये तोंडातील जंतू व त्यांनी तयार केलेले आम्ल यांचा किडीशी संबंध मांडला. निर्णायक पुरावा १९६५ चा. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांची मज्जा उघडी केली. नेहमीच्या उंदरांत ती मेली व मुळाशी पू झाला, जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र जखम नव्या डेंटीनने (मज्जेभोवतीच्या कठीण थराने) बुजली. सुंडक्विस्ट यांनी १९७६ मध्ये मार लागून मज्जा मेलेले पण वरून अखंड असलेले दात तपासले, तेव्हा हाडाची झीज असलेल्या दातांतच जंतू सापडले. केवळ मेलेली मज्जा पू करत नाही, जंतू लागतात, हे यावरून दिसते. हे जंतू मिश्र असतात व त्यांत ऑक्सिजनशिवाय वाढणारे बहुसंख्य असतात.

लक्षणे व निदान : रुग्णाला सर्वांत जास्त फसवते ती दुखण्याची मधली विश्रांती. कीड डेंटीनपर्यंत असते तोवर थंड पाण्याने कळ येते आणि काही सेकंदांत जाते. मज्जा सुजली की तीच कळ अर्धा मिनिट किंवा अधिक रेंगाळते, रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो, खालच्या दाढेचे दुखणे कानात जाते आणि नेमकी कोणती दाढ ते सांगता येत नाही. मग दुखणे थांबते. ती बरे झाल्याची खूण नव्हे. मज्जा मेलेली असते. पुढे काही दिवसांनी किंवा महिन्यांनी दात उंच झाल्यासारखा वाटतो, चावताना आधी तोच लागतो, आणि आता बोट ठेवून दाढ दाखवता येते. पू हाड भेदून हिरडीत आला की सूज येते. पुटकुळी होऊन फुटली की दाब कमी होऊन दुखणे पुन्हा थांबते.

दंतवैद्य आरशाच्या दांड्याने आधी शेजारच्या निरोगी दातांवर आणि मग संशयित दातावर हलके ठोकून पाहतो. गारव्याला दाद न देणारा व ठोकल्यावर दुखणारा दात मूलाग्र विद्रधीकडे बोट दाखवतो. दात जिवंत असून हिरडीची फट खोल असेल तर परिदंत विद्रधी धरावी. पुटकुळी असल्यास तिच्या तोंडातून गट्टापर्चाची (रबरासारख्या वनस्पतिजन्य पदार्थाची) बारीक काडी सरकवून एक्स-रे काढतात. काडीचे टोक दोषी मुळाशी पोचलेले दिसते. हाडातील खनिजाचा बराच भाग गेल्याशिवाय एक्स-रेवर काळा डाग उमटत नाही, म्हणून ताज्या विद्रधीत एक्स-रे स्वच्छ दिसला तरी निदान सोडू नये.

उपचार : पुवाला वाट देणे आणि दातातला जंतूंचा साठा काढणे या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. मेलेल्या मज्जेत रक्तप्रवाह नसल्यामुळे प्रतिजैविक तेथे पोचत नाही. गोळ्यांनी सूज उतरते आणि कोर्स संपल्यावर परत येते. ताप, पसरणारी सूज किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असेल तर प्रतिजैविक जरूर द्यावे. प्रौढांत सहसा अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ. दिवसातून तीनदा, ३ ते ७ दिवस देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी आधी विचारावी. मेट्रोनिडाझोल चालू असताना मद्य टाळण्यास सांगतात. सूज दाबल्यावर मऊ, आत पातळ लागत असेल तर छेद द्यावा. टणक सुजेतून फारसे काही निघत नाही. पू झालेल्या जागी ऊतक आम्लधर्मी असल्याने भुलीचे इंजेक्शन नीट लागत नाही. ते सुजेपासून दूर, चेतेच्या मुळाजवळ द्यावे.

सूज असताना दाढ काढू नये ही समजूत जुनी आहे. योग्य भूल मिळत असेल तर लवकर काढणेच हितावह, हा आजचा कल आहे.

दात वाचवायचा असेल तर रूट कॅनाल. रबर डॅम (रबराचा पातळ पडदा) लावून दात लाळेपासून वेगळा करतात, वरून छिद्र करून फाइलींनी (बारीक कानशींनी) मुळातल्या नलिका साफ करतात. कामाची लांबी (फाइल किती खोल न्यायची ते) एक्स-रेवर दिसणाऱ्या मूलाग्राच्या अर्धा ते एक मिमी. अलीकडे ठेवतात. ०.५ ते ५.२५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने वारंवार धुतात; सुई नलिकेत अडकवून जोराने दाबल्यास ते मुळाबाहेर जाऊन चेहरा क्षणात सुजतो. पू चालू असल्यास आठवडा-दोन आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात, मग गट्टापर्चा व नंतर कॅप. अपयशाची नेहमीची कारणे म्हणजे राहून गेलेली नलिका (वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या गालाकडील मुळातली दुसरी), गळकी भरणी आणि टाळलेली कॅप. हाड भरायला महिने लागतात. एक वर्षाने एक्स-रे पाहतात, शंका राहिल्यास चार वर्षांपर्यंत.

घरगुती उपायांत लवंगतेलाने काही काळ आराम पडतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यास हिरडी भाजते. बाहेरून गालाला शेक दिल्यास पू त्वचेकडे येण्याचा धोका सांगितला जातो, तो टाळावा. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरण्यास हरकत नाही.

धोक्याची लक्षणे : खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्या खाली उतरतात, त्यामुळे त्यांचा पू थेट गळ्याकडे पसरू शकतो. दोन्ही बाजूंनी हनुवटीखाली टणक सूज, वर उचललेली जीभ, लाळ गळणे, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असे दिसल्यास रुग्णाला दवाखान्याऐवजी थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. या अवस्थेचे वर्णन लुडविग या जर्मन वैद्यांनी १८३६ मध्ये केले. वरच्या सुळ्याचा पू डोळ्याखाली येतो. मधुमेहींत प्रसार वेगाने होतो, म्हणून रक्तशर्करा त्याच वेळी तपासावी.

दुधाच्या दाढांत पू मुळांच्या बेचक्यात होतो. खाली घडत असलेल्या कायमच्या दाताचे एनॅमल (सर्वांत बाहेरचे कठीण आवरण) त्याने डागाळते. ‘पडणारच आहे’ म्हणून अशी दाढ तशीच ठेवू नये.