सन स्पार्क वर्कस्टेशनवर नेटबीएसडीची स्थापना

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीच्या स्पार्क प्रोसेसरच्या जुन्या वर्कस्टेशनवर मूळची सनओएस किंवा सोलॅरिस ही सनची सिस्टीम पुसून नेटबीएसडी ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याची प्रथा. विद्यापीठांनी, प्रयोगशाळांनी आणि अभियांत्रिकी कार्यालयांनी मोडीत काढलेली ही यंत्रे सेकंडहँड बाजारातून हौशी लोकांच्या आणि प्रोग्रॅमरांच्या हाती आली. या कामात बहुतेक वेळ इन्स्टॉलर सुरू होण्याआधीच जातो. यंत्र नीट बोलते झाले की पुढचे सोपे असते.

सनची स्थापना १९८२ मध्ये झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. स्पार्कस्टेशन १ हे यंत्र १९८९ मध्ये आले, स्पार्कस्टेशन ५ आणि २० ही १९९४ मध्ये, आणि ६४ बिटांची अल्ट्रा मालिका १९९५ पासून. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचा परम १०००० हा महासंगणकही (१९९८) अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवरच उभा होता. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने १९९८ चे अल्ट्रा ५ निवडावे. त्याला जुन्या पीसीतली आयडीई जोडणीची डिस्क आणि साधा व्हीजीए मॉनिटर चालतो. आधीच्या स्पार्कस्टेशनना स्कझी या वेगळ्या जोडणीची डिस्क आणि १३डब्ल्यू३ जोडणीचा मॉनिटर लागतो, शिवाय ५१२ बाइटांचे ब्लॉक (एका वेळी वाचायचे तुकडे) देऊ शकणारा सीडी ड्राइव्हही. पीसीचे बरेचसे ड्राइव्ह २०४८ बाइटांवरच अडून बसतात. कीबोर्ड मिळाला नाही तरी काम अडत नाही. तो जोडलेला नसेल तर यंत्र आपोआप सीरियल पोर्टवर, म्हणजे तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाशी, बोलू लागते, ९६०० बॉडच्या वेगाने.

पीसी चालू होताच आधी चालणाऱ्या बायोसच्या जागी इथे ओपनबूट असते. हे फर्मवेअर (यंत्रातच कोरलेला प्रोग्रॅम) फोर्थ या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभे आहे आणि ‘ओके’ अशी खूण दाखवून आज्ञेची वाट पाहते. सोलॅरिस चालू झालीच तर ‘स्टॉप’ आणि ‘ए’ या कळा एकत्र दाबून तिथे परतता येते. डिस्क तपासणे, बूटचे (सिस्टीम सुरू करण्याचे) साधन बदलणे, नेटवर्कवरून सुरू होणे, सगळे इथूनच. ओपनबूटची रचना पुढे आयईईई १२७५ या खुल्या मानकात नोंदवली गेली. इतकी जुनी यंत्रे आजही हाताळता येतात याचे मोठे श्रेय या खुलेपणाला द्यायला हवे.

जुन्या सनचे खरे दुखणे म्हणजे एनव्हीरॅमची, म्हणजे वीज गेल्यावरही माहिती जपणारी, चिप. यंत्राचा इथरनेट पत्ता, होस्ट क्रमांक आणि बूटची सेटिंग्ज तिच्यात असतात, आणि ती जपणारी लिथियमची बॅटरी चिपच्याच आवरणात बंद असते. साधारण दहा वर्षांत ती संपते. मग चालू करताच ‘आयडीप्रॉम’मधला (चिपमधल्या यंत्राच्या ओळखीच्या नोंदीतला) मजकूर अवैध असल्याची तक्रार पडद्यावर येते आणि इथरनेट पत्त्याच्या जागी नुसती एफ अक्षरांची रांग दिसते. यंत्र बिघडले समजून ते भंगारात देऊ नये. नवी चिप बसवावी, किंवा जुनीचे आवरण वरून घासून बाहेर नाण्याच्या आकाराची बॅटरी डाखावी. साठ्यात पडून राहिलेली चिप घेऊ नये, कारण तिची बॅटरीही वापराविना म्हातारी होत असते. त्यानंतर ओके खुणेवर ‘एमकेपी’ आज्ञेने या नोंदीचे सोळा बाइट पुन्हा भरायचे. शेवटचा बाइट आधीच्या पंधरांची पडताळणी करतो, त्यामुळे एक आकडा चुकला तरी सगळे नाकारले जाते.

पत्ता परत आल्याशिवाय नेटवर्कवरून बूट करणे शक्य नाही, आणि सीडी ड्राइव्ह नसलेल्या यंत्राला तोच उत्तम मार्ग. ‘बूट नेट’ म्हटल्यावर यंत्र आपला इथरनेट पत्ता सांगून आरएआरपी या पद्धतीने नेटवर्कवरचा आपला आयपी पत्ता विचारते आणि टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) मागते. फाइलचे नाव म्हणजे तोच आयपी पत्ता, षोडशमान पद्धतीत. १९२.१६८.१.५ असेल तर सी०ए८०१०५; स्पार्कस्टेशन ५ किंवा २० असेल तर त्यापुढे ‘.सन४एम’ हवे. नवखे लोक नेमके या नावात अडकतात. कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि बाकी फाइली नंतर एनएफएसवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकाची डिस्क नेटवर्कवरून वापरून, येतात.

नेटबीएसडीचा सिसइन्स्ट हा इन्स्टॉलर साधा मजकुरी आहे. डिस्कवर सनचे लेबल (विभागांची नोंद) टाकायचे, त्यात जास्तीत जास्त आठ विभाग करायचे, ‘सी’ हा विभाग संपूर्ण डिस्कचा म्हणून तसाच ठेवायचा, आणि फाइली उतरवायच्या.

स्पार्कवर चालणाऱ्या मुक्तस्रोत सिस्टीमचे पर्याय आता कमी उरले आहेत. ३२ बिटांच्या स्पार्कसाठी ओपनबीएसडीची ५.९ ही २०१६ ची आवृत्ती शेवटची. ६४ बिटांसाठी तिचे काम पुढेही चालू राहिले. डेबियनने २०१५ मध्ये, तर फ्रीबीएसडीने २०२१ मध्ये आपल्या अधिकृत यादीतून स्पार्क वगळले. नेटबीएसडी मात्र दोन्ही पिढ्यांना धरून आहे.

हा केवळ जुन्या वस्तूंचा छंद मानणे अन्यायाचे ठरेल. स्पार्कमध्ये संख्येतला मोठ्या किमतीचा बाइट आधी साठवला जातो, इंटेलच्या नेमका उलट, आणि स्मृतीतला योग्य सीमेवर नसलेला पत्ता वाचू पाहणारा प्रोग्रॅम तो जागीच थांबवतो. पीसीवर वर्षानुवर्षे दडून राहिलेली चूक इथे पहिल्याच दिवशी उघडी पडते. वेगाची अडचण मात्र खरी आहे. म्हणून सॉफ्टवेअर या यंत्रावर संकलित करत बसण्याऐवजी नेटबीएसडीच्या बिल्ड.एसएच या साधनाने नव्या संगणकावर स्पार्कसाठीच्या फाइली तयार कराव्यात आणि त्या एनएफएसने इकडे आणाव्यात.